इंजिनाचा ढेकर

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ऐकून कुणीही भुवया उंचावेल, पण हिशेब सरळ आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि त्याचं पाणीच होतं. चंद्रपूरहून ताडोब्याच्या मोहर्ली गेटला जाऊन परत येणारी गाडी तीन-चार लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत सोडून येते. ज्या जंगलात मे महिन्यात पाणवठे टँकरनं भरावे लागतात, तिथे हा विनोद जरा कडूच.

यातली बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी मात्र चोरवाटेनं खाली उतरते, आणि आजची सगळी गंमत त्या चोरवाटेची आहे. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की पेट्रोल इंजिनात वातावरणाच्या पन्नासपट, डिझेलमध्ये दीडशेपटीहून जास्त दाब तयार होतो. पिस्टनच्या रिंगा तो अडवतात, पण रिंगेच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते. नाहीतर तापून फुगलेली रिंग सिलिंडरमध्ये अडकून बसेल. त्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या पेटीत शिरतो. सोबत काजळी, न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ. तिथे क्रँक मिनिटाला हजारो फेरे घेत ऑइल घुसळत असतो. झालं, तेलकट धुकं तयार! हे धुकं बाहेर काढलं नाही तर दाब वाढून ऑइल सील फुटतात. म्हणून प्रत्येक इंजिनाला ढेकर द्यावा लागतो, आणि त्यासाठी ब्रीदरची नळी असते.

ढेकर द्यायचा कुठे, एवढाच प्रश्न. उघड्यावर दिला तर हवा घाण. परत इंजिनाच्या तोंडात, म्हणजे इनटेकमध्ये दिला तर इंजिन घाण. गेली साठ-सत्तर वर्षं जगभरचे इंजिनिअर या दोन घाणींमधून वाट काढताहेत.

मिस्त्रीचं निदान

पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात. चंद्रपूरच्या मूल रोडवर किंवा गडचिरोलीच्या धानोरा रोडवर कुणाला ब्लो-बाय विचारलं तर तो तुमच्याकडे बघत राहील. तिथला प्रश्न वेगळा असतो: ‘काहून जी भाऊ, गाडी बॅक मारून राहिली का?’ बॅक म्हणजे बॅक कॉम्प्रेशन. मिस्त्री इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतो, भोकावर तळहात धरतो. किंचित फुंकर लागली तर ठीक. भकाभका धूर आला, हात तेलकट झाला, डिपस्टिक जागची उचलली गेली, तर रिंगा गेल्या. ना यंत्र, ना लॅपटॉप. आणि हे निदान बहुतेक वेळा बरोबरच निघतं.

अननसवाला शास्त्रज्ञ

जुन्या गाड्यांत ब्रीदरची नळी बोनेटखालून थेट रस्त्याकडे सोडलेली असे. तिचं टोक तिरपं कापलेलं. गाडी पळू लागली की खालून जाणारा वारा त्या टोकातून धुकं ओढून काढायचा. गाडी उभी राहिली की ओढणारं कुणी नाही, धुकं आत तसंच कोंडलेलं. तेव्हाच्या रस्त्यांवर प्रत्येक लेनच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा उमटलेला असे, तो या नळ्यांच्या कृपेनं.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये लोकांचे डोळे चुरचुरू लागले. अननसाला वास कशानं येतो याचा अभ्यास करणारे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला उलगडून दाखवलं, की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की हे झोंबणारं धुरकं तयार होतं. मग गाडीचं इंधन कुठून कुठून निसटतं याची मोजणी सुरू झाली आणि कळलं, की पाचवा ते चौथा हिस्सा सायलेन्सरमधून नाही, त्या फुटकळ नळीतून निसटतोय. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांना ती नळी बंद करून धुकं इनटेककडे वळवणारा व्हॉल्व्ह लागला. पीसीव्ही व्हॉल्व्ह तो हाच. मोटारीच्या प्रदूषणावरचा जगातला पहिला सक्तीचा उपाय बोटभर लांबीचा होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यायला त्यानंतर दशकाहून जास्त काळ गेला.

आपल्याकडेही आता पेट्रोल गाडीला मंजुरी देताना क्रँककेसमधून बाहेर काही पडतं का, याची वेगळी चाचणी होते. तिथली मुभा शून्य. पीयूसीच्या टपरीवर मात्र नळी सायलेन्सरमध्येच घालतात. ब्रीदर उघडा सोडलेली गाडी तिथून ऐटीत पास होऊन येते.

पर्लकोटेची परीक्षा

पीसीव्हीची कल्पना मात्र धुरक्यावरच्या या उपायाहून जुनी, आणि तिचा जन्म पाण्याच्या धाकातून झालेला. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि लष्करी गाड्या नदीनाले पार करायच्या. खाली लोंबणारी उघडी नळी म्हणजे पाण्याला आमंत्रणच, म्हणून ती बंद करून इनटेकला जोडली. युद्धानंतर विलीज कंपनीनं अमेरिकी लष्करासाठी बनवलेल्या एम-३८ जीपमध्ये तर पाण्यात शिरण्याआधी ओढायचा एक खास खटका होता. तो ओढला की क्रँककेसमधली हवा कोंडून दाब वाढे आणि पाणी आत घुसत नसे. महिंद्रानं चाळिशीच्या दशकाअखेर मुंबईत जुळवायला घेतलेली जीप याच विलीज घराण्यातली. पुढे गडचिरोलीच्या रस्त्यांवर तिच्या लेकरा-नातवंडांनी किती माणसं कोंबून नेली, याची गणती कोण ठेवणार!

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी घाईनं पाण्यात घातलेल्या गाडीचा घात नुसत्या एअर फिल्टरमधून होत नाही. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्याच्या छोट्या ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. खाली नळी लोंबणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनाचंही तेच. पुरातून निघालेल्या गाडीची डिपस्टिक आधी काढून बघावी. ऑइल दुधट दिसलं तर चावीला हात लावू नये, आधी ऑइल उतरवावं.

जिप्सी आणि वाघाची वाट पाहणं

मारुती जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९च्या सुमारास तिची नागरी विक्री थांबली. बाजारातून ती गेली, ताडोब्याच्या गेटांवर राहिली. सफारीतलं तिचं आयुष्य इंजिनाच्या दृष्टीनं विचित्र आहे. डिसेंबरच्या गारठ्यात पहाटे सुरू करायची, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, सांबरानं धोक्याचा कॉल दिला की इंजिन बंद, अर्धा तास चिडीचूप, मग पुन्हा सुरू. ऑइल नीट तापलं तर त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. अशा थांबत-थांबत फिरण्यात ते तापतच नाही. परिणाम ऑइलच्या झाकणाखाली दिसतो: पिवळट-पांढरा, फेसाळ चिकटा. नवखा मालक ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणून घाबरतो. कूलंट कमी होत नसेल तर घाबरायचं कारण नाही. गाडी एकदा नागपूरपर्यंत दामटून आणली की चिकटा बराचसा निघून जातो.

पीसीव्ही व्हॉल्व्हचं काम मजेशीर आहे. इंजिन संथ चालू असताना इनटेकची ओढ सगळ्यात जास्त असते, तेव्हा हा आपलं भोक जवळजवळ मिटून घेतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि हा उघडतो, कारण तेव्हाच धुकं जास्त असतं. इनटेकमध्ये उलटा भडका उडाला तर दार लावून घेतो, म्हणजे आग क्रँककेसपर्यंत पोचत नाही. आत एक छोटा दट्ट्या, एक स्प्रिंग, बस्स. काढून कानाशी हलवावा. खट्‌खट् वाजला तर मोकळा, मुका राहिला तर चोंदलेला. चोंदलेल्या व्हॉल्व्हमुळे क्रँकच्या सीलमधून ऑइल गळू लागतं आणि मालक सील बदलत बसतो. नवं सील दोन महिन्यांत पुन्हा गळतं. गुन्हेगार वर मजेत बसलेला असतो.

धूळ, धूळ आणि धूळ

आता खरं दुखणं. चंद्रपूर म्हणजे कोळशाच्या खाणी, २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. गडचिरोलीत एटापल्लीकडे गेलात तर सुरजागडचं लोहखनिज. या रस्त्यांवरची गाडी जो श्वास घेते त्यात काय काय असतं, ते पांढरा शर्ट घालून दुचाकीवर गेलेल्याला विचारावं. एअर फिल्टर फाटका असेल, त्याच्या डब्याचं रबर नीट बसलेलं नसेल, होजची क्लिप सैल असेल, तर ही धूळ सरळ सिलिंडरमध्ये उतरते. गारगोटीची धूळ बिडाच्या लायनरहून कठीण. रिंगा घासतात, फट वाढते, खाली जाणारा वायू वाढतो, धुकं वाढतं, आणि ते इनटेकमध्ये येऊन तिथल्या धुळीला चिकटतं. डिझेल इंजिनात इजीआरची, म्हणजे जळका धूर इनटेकमध्ये परत पाठवणाऱ्या यंत्रणेची काजळी त्यात मिसळली की मॅनिफोल्डच्या आत काळं डांबर साचतं. ते खरवडणाऱ्या पोराला हात धुवायला रॉकेलही पुरत नाही.

इनटेकमध्ये तेल दिसलं की लोक ब्रीदरच्या मागे लागतात. या दोन जिल्ह्यांत तरी मी आधी एअर फिल्टरचा डबा उघडेन. तिथे आतल्या बाजूला धुळीची रेघ सापडली तर पुढचा सगळा खर्च त्या रेघेच्या खात्यावर मांडावा.

यात एक चविष्ट विरोधाभास आहे. जुन्या जीपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये हवा गाळायलाच तेल वापरत. ऑइल बाथ फिल्टरमध्ये आत येणारी हवा तळाच्या तेलावर आपटून उलटी वर वळते, धूळ तेलात अडकते, हवा तारेच्या जाळीतून पुढे जाते. म्हणजे इनटेकमध्ये तेल जाऊ नये म्हणून एकीकडे धडपड, आणि दुसरीकडे इनटेकच्या दारातच तेलाचं भांडं! त्या भांड्यावर तेलाची पातळी दाखवणारी खूण असते. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणत खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते तेल पिऊन टाकतं. डिझेल इंजिनानं ते प्यायलं तर काय होतं, ते जरा पुढे.

ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे रोवणीच्या दिवसांत चिखल करणाऱ्या ट्रॅक्टरच्या ब्रीदरमधून दोन-चार थेंब ठिबकणं हे दुखणं नव्हे. दिवसभर पूर्ण लोडवर राबणारं इंजिन तेवढे ढेकर देणारच.

अक्रोडाच्या टरफलांचा फवारा

पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जायचं. पेट्रोल उत्तम धुणारं. व्हॉल्व्हवर बसलेलं तेल ते येता-जाता धुऊन काढायचं. ह्युंदाईच्या टर्बो जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनच्या टीएसआय, महिंद्राच्या टीजीडीआय इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. ताकद वाढली, मायलेज सुधारलं, पण व्हॉल्व्हची अंघोळ बंद झाली. तेलकट धुकं गरम व्हॉल्व्हवर बसतं, करपतं, थर चढत जातो. तो काढायची जगन्मान्य पद्धत म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं व्हॉल्व्हवर मारणं. टरफल कार्बन सोलून काढण्याइतकं कठीण, पण धातूला ओरखडा न पाडण्याइतकं मऊ. टोयोटानं काही इंजिनांत दोन्हीकडे इंजेक्टर देऊन प्रश्नच मिटवला.

तेलाच्या धुक्याचा आणखी एक उपद्रव आहे. ते पेट्रोलचा ऑक्टेन खाली खेचतं. चढावर लोड पडला की टर्बो गाडी टिणटिण वाजू लागते, कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो, आणि गाडी मरगळते.

डबा लावायचा की नाही?

धुकं इनटेकमध्ये शिरण्याआधी गाळून घेणारा डबा म्हणजे कॅच कॅन. मोटार शर्यतींत तो गंभीर मामला आहे. एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या नियमांप्रमाणे उघडा ब्रीदर असलेल्या गाडीत २,००० सीसीपर्यंत किमान २ लिटरचा आणि त्यावर ३ लिटरचा डबा लागतो, तोही आतलं दिसेल असा. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागून येणाऱ्याची चक्री होते, म्हणून.

घरच्या गाडीला? जिप्सी, स्विफ्ट, वॅगनआर यांना गरज नाही, असं माझं स्पष्ट मत. थेट इंजेक्शनच्या टर्बो गाडीला उपयोग होऊ शकतो, पण वॉरंटीवाल्यांशी आधी बोलून, आणि आत जाळी किंवा पडदे असलेलाच डबा घ्यावा. धुक्यातले कित्येक थेंब एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. रिकाम्या डब्यातून ते हवेबरोबर बिनदिक्कत तरंगत पुढे निघून जातात. म्हणून काही हौशी मंडळी डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. तिची तार तुटून इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेली तर घासणी सगळ्यात महागात पडते. ब्रीदर उघडा सोडून इनटेक बंद करणं हा तर उपायच नव्हे. कंपनीनं दिलेली गाडी अशी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, आणि जंगलाच्या हवेत तेल सोडायचं ते वेगळंच.

डब्यात साचलेलं पाणी, तेल आणि पेट्रोलचं मिश्रण पेटू शकतं. ते नाल्यात ओतू नये, गॅरेजमधल्या जळक्या तेलाच्या ड्रममध्ये टाकावं.

दुधावरून तेलावर

१८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी दुधातून साय वेगळी करणारं, गरागरा फिरणारं यंत्र बनवलं. पुढे त्यात एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या चकत्या आल्या. आज मोठ्या ट्रकच्या इंजिनांवर तेच यंत्र छोटं होऊन बसलंय: इंजिनाच्याच ऑइलच्या दाबावर चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेतात, धुक्यातलं तेल भिंतीवर फेकलं जातं आणि निथळून परत इंजिनाच्या तळाशी येतं. त्या जुन्या गवळ्याच्या यंत्राची कंपनी अल्फा लाव्हाल. तिचं भारतातलं ठाणं पुण्यात, दापोडीला.

चावी काढली तरी थांबेना

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेत जळणारं काहीही आलं की ते जळतं. टर्बोचं सील फुटून इंजिन ऑइल इनटेकमध्ये घुसलं, किंवा क्रँककेस गळ्यापर्यंत भरून ब्रीदरमधून तेल उसळलं, तर इंजिन स्वतःचंच तेल पिऊन सुसाट सुटतं. चावी बंद करून फक्त डिझेल थांबतं; इंजिनाला आता डिझेलची गरजच उरलेली नसते. आवाज चढत जातो, पांढऱ्या धुराचे लोट उठतात, आणि शेवटी तेल संपतं किंवा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मुख्य उपाय म्हणजे हवा तोडणं. इनटेकमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाचा फवारा मारा, जाड फळी दाबून धरा. हात चुकूनही नको. चाकं धरलेली असतील तर वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबत क्लच सोडणं हाही जुना ड्रायव्हरी इलाज. तेलविहिरींवरच्या डिझेल यंत्रांना म्हणूनच हवा तोडणारी झडप लावतात.

तेलाचं धुकं स्वतः किती भयंकर, हे जहाजवाल्यांना १९४७च्या सप्टेंबरात कळलं. ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या क्रँककेसमध्ये स्फोट होऊन २८ जण गेले. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनात क्रँककेसचा दाब वाढला तर इंजिन आपोआप बंद पडतं, आणि त्यानंतर दोन तास झाकणं उघडायची नाहीत असा दंडक आहे. जुन्या डब्ल्यूडीएम-२ला तर क्रँककेसमधलं धुकं ओढून काढायला वेगळा विजेचा पंखाच असे.

४७ अंशांचा दोष किती?

चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४७ च्या पुढे गेला की सगळ्याचं खापर उन्हावर फुटतं. इंजिनाच्या बाबतीत ते निम्मंच खरं. नीट तापलेल्या इंजिनातलं ऑइल डिसेंबरातही शंभर अंशांच्या आसपास असतं. ते किती उडणार हे त्याच्या जातीवर ठरतं, आणि ती जात मोजायला नोआक नावाची चाचणी आहे: ऑइल २५० अंशांवर एक तास ठेवायचं आणि किती वजन घटलं ते बघायचं. आजच्या पेट्रोल ऑइलांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा असते. चांगली ऑइलं १० च्या आत राहतात. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात हा आकडा बहुधा सापडतो.

त्याहून सोपी गोष्ट डिपस्टिकची. ऑइल दोन खुणांच्या मध्येच हवं. ‘उन्हाळा आहे, अर्धा लिटर जास्तच टाकून दे भाऊ’ म्हणणारा आपल्या हातानं क्रँकला तेलात बुडवतो, धुकं वाढवतो आणि इनटेककडे पाठवतो.

बुलेटवाले आणि फॉर्म्युला वन

जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये ब्रीदरचं तेल सरळ चेनवर सोडलेलं असे. ढेकरानंच चेनला वंगण! मागच्या चाकावर आणि मागे बसणाऱ्याच्या पँटवरही त्याचा प्रसाद मिळे. नंतरच्या बुलेटमध्ये ते छोट्या डब्यातून एअर बॉक्सकडे वळवलं.

आणि सगळं जग तेल इनटेकबाहेर ठेवायला धडपडत असताना, फॉर्म्युला वनमध्ये काही संघ ते मुद्दाम आत जाळतात असा संशय उठला. पेट्रोलवर मर्यादा आहे, तर तेलातून थोडी ताकद काढू, अशी ती शक्कल. एफआयएनं २०१८ साली दर १०० किलोमीटरला ०.६ लिटर ऑइलची मर्यादा घातली, २०२० मध्ये ती ०.३ वर आणली. त्या मापानं मोजलं तर मूल रोडवरचे कित्येक जुने ट्रक अपात्र ठरतील.